टीव्हीवरची नावं

मु. खैरवाडी, पो. बोरी, ता. जिंतूर
२० नोव्हेंबर १९८९

चि. पंचफुलास मामाचा जयभीम.

तू पुण्याच्या टीव्ही कंपनीत टायपिस्ट म्हणून लागलीस तेव्हा मी अख्ख्या बौद्धवाड्यात साखर वाटली होती. आज ती साखर घरोघर जाऊन परत मागावी असं वाटतं.

धम्मचक्र दिनाला वाड्याने वर्गणी करून विहारासाठी टीव्ही घेतला, हे तुला कळवलं होतंच. परभणीच्या दुकानात कितीतरी कंपन्यांचे सेट मांडलेले होते. मी म्हणालो, चित्रानंदच द्या, आमची भाची तिथे आहे. दुकानदार हसला. तो का हसला ते आता कळलं.

पहिला आठवडा चित्र असं, की काचेतला माणूस हात बाहेर काढून चहा मागेल. मग एका संध्याकाळी मराठी सिनेमा चालू असताना ते वरून-खालून आकसायला लागलं आणि शेवटी मधोमध एक पांढरी रेघ उरली. आवाज मात्र खणखणीत. तेव्हापासून रोज हेच. कधी अर्ध्या तासाने, कधी तासाभराने, पण रेघ येते म्हणजे येतेच. बंद करून गार होऊ दिला की पुन्हा चित्र आणि पुन्हा रेघ. एकाही सिनेमाचा शेवट आमच्या वाड्याने पाहिलेला नाही. रडण्याचा आवाज आला की बायका अंदाज बांधतात, सासू मेली की सून.

हसू नकोस. यात माझी मान अडकली आहे. आपली माणसं टीव्ही बघायला दिनकररावांच्या अंगणात जायची, तूही गेली आहेस. ते आणि त्यांचे सोयरे ओट्यावर गादी टाकून, आपण खाली मातीत उभे. त्यांची जेवायची वेळ झाली की मधेच बटण बंद. टीव्ही आणला त्या दिवशी मी विहारासमोर भाषण केलं. म्हणालो, "आजपासून या वाड्यातलं एकही माणूस त्या ओट्याखाली उभं राहणार नाही." हात वर करायला सांगितले. सगळ्यांनी केले. आता माणसं ना त्या अंगणात, ना आपल्या विहारात. संध्याकाळी माझ्या दारावरून जातात आणि नुसती माझ्याकडे बघतात.

काल दिनकरराव बोरीच्या बाजारात भेटले. "काय गुर्जी, तुमचा टीव्ही लवकर झोपायलाय म्हनं? या की मग हिकडं. अंगन काय आमी उचलून नेलं न्हाई."

मी उत्तर दिलं नाही. मी! विचार कर.

सेट बदलून हवा. दुरुस्त नव्हे, बदलून.

तुझा मामा,
सिताराम


पिंपरी, पुणे
२ डिसेंबर १९८९

ती. मामांना पंचफुलाचा जयभीम.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. मामा, मी तिथे टंकलेखन करते. मी टीव्ही बनवत नाही. हे आजीलाही नीट समजावा, नाहीतर मला वाढवणारी तीच बाजारात सांगत फिरेल की नातीने खोटा माल गळ्यात मारला.

बदलून मिळतो, पण त्याची एक रीत आहे. सेट परभणीच्या सेवा केंद्रात न्यायचा. तिथल्या मेकॅनिकने दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि तसं पुण्याला लिहून पाठवायचं. त्याने लिहिल्याशिवाय इथे कोणी पंख्याखालून उठत नाही. आणि कंपनी परत घेते तो सेट विकला होता तसाच असावा लागतो. म्हणून खरं सांगा: कोणी उघडला नाही ना? बोरीच्या रेडिओवाल्याने आत पेचकस घातला नाही ना? दुसरं काही केलं नाही ना त्याला?

आणि एक कृपा करा. कंपनीला स्वतः पत्र लिहू नका. तुमची पत्रं मला माहीत आहेत.

तुमची,
पंचफुला


खैरवाडी
४ जानेवारी १९९०

चि. पंचफुलास जयभीम.

तुझं पत्र येण्याआधीच मी कंपनीला लिहून बसलो होतो. ग्राहकाची लूट आणि देशाची उभारणी या विषयावर जरा सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर आलं. ते पुढे सांगतो.

सेटला कोणी बोट लावलेलं नाही. विहारातली वस्तू आहे, आम्ही जिवापाड जपतो.

वाकळीत गुंडाळून तो मी मांडीवर घेतला आणि एसटीने परभणीला नेला. कंडक्टर म्हणाला, "गुर्जी, लेकराचं अर्धं तिकीट काढा." सगळी गाडी हसली. सेवा केंद्रात नागनाथ नावाचा मेकॅनिक आहे. त्याने सेट लावला, बिडी पेटवली, बिडी संपेपर्यंत चित्राकडे पाहिलं, बटण बंद केलं आणि लिहिलं: दोष आढळला नाही. मी म्हणालो, अरे बाबा, तासभर चालू ठेव. तो म्हणाला, "तासभर? मागं रांग बगा की." पुढच्या आठवड्यात पुन्हा नेला. पुन्हा एक बिडी आणि पुन्हा तेच. घरी आणला आणि त्याच संध्याकाळी रेघ.

आता तुमच्या कंपनीचं उत्तर. "आपल्या भागातील वीजपुरवठा अनियमित असण्याची शक्यता असून संचात दोष असल्याचे दिसून येत नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." कसलं सहकार्य? कोणी केलं? कोण हा बिनकण्याचा प्राणी, जो खुर्चीत बसून असली निर्लज्ज वाक्यं खडखड छापत असतो? त्याने एकदा तरी खैरवाडीची वीज पाहिली आहे का? त्याच विजेवर दिनकररावांचा टीव्ही कसा चालतो, हे त्याने सांगावं!

म्हाताऱ्या चांगुणाबाईंनी कोंबड्या विकून वर्गणी दिली होती. त्यांना खोकला लागलाय, तरी रोज पोतं घेऊन विहारात येऊन बसतात. "मास्तर, आज उठंल का त्यो?" 

सिताराम


पिंपरी
१५ जानेवारी १९९०

ती. मामांना जयभीम.

तो बिनकण्याचा प्राणी मी आहे.

साहेब सांगतात आणि मी टाइप करते. तुमच्या भाषणवजा पत्रावर साहेबांनी लाल पेन्सिलने लिहिलं, "वीजपुरवठा – नेहमीचं उत्तर." ते नेहमीचं उत्तर मला तोंडपाठ आहे. खाली पत्ता टाइप करताना खैरवाडी लिहिलं आणि हात थांबला. पण मामा, तक्रार विभागात सहा जणी आहोत आणि पाच जणींची गावं अशीच कुठेतरी आहेत. तुम्ही आमच्या घरचे आहात हे मी तोपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. साहेब म्हणाले, "हो का? मग त्यांना सांगा, पत्र एका पानात लिहीत जा."

रागावून उपयोग नाही. दोष गरम झाल्यावर येतो, एवढं तर उघड आहे. नागनाथला तासभर बटणाला हात लावू देऊ नका. कसं ते तुम्ही ठरवा. तुमच्या भाषणात पहिल्या तासात मुद्दा येत नाही अशी आजीची तक्रार असते. तर मग जा परभणीला आणि बोला!

पंचफुला


खैरवाडी
१२ फेब्रुवारी १९९०

चि. पंचफुलास जयभीम.

तू चेष्टेत लिहिलंस. मी खरंच गेलो.

नागनाथने सेट लावला, बिडी संपवली आणि बटणाकडे हात नेला. मी मधे उभा राहिलो, बटणाकडे पाठ करून, आणि बोलायला सुरुवात केली. यंत्रयुगापासून सुरू केलं. माणसाने यंत्र का बनवलं, ते कोणाच्या घामावर चालतं, आणि घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला नेमकं बिघडलेलंच यंत्र का येतं? बाजाराचा दिवस होता. आधी रांगेतली माणसं वळली, मग रस्त्यावरची थांबली. शेजारच्या सलूनमधून एकजण अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन आला आणि दारात टेकून उभा राहिला. नागनाथ म्हणाला, "गुर्जी, च्या सांगू का? बसून घ्या जरा." मी म्हणालो, चहाने क्रांत्या थांबल्या म्हणूनच आपण आज इथे आहोत. टाळ्या!

मी स्वातंत्र्यावरून समतेवर येत होतो, इतक्यात तो फेसवाला ओरडला, "गुर्जी, मागं बगा, मागं!" मागे रेघ. शुभ्र, सरळ, सगळ्या परभणीच्या डोळ्यांदेखत. पण माझा मुद्दा संपला नव्हता, म्हणून मी पुढे बोलत राहिलो. शेवटी नागनाथने हात जोडले. "पाया पडतो, बास करा. लिवतो. काय म्हनाल ते लिवतो." त्याने लिहिलं: दोष आढळला, संच बदलण्यास योग्य. मग सेटच्या चारी बाजू पाहून आणखी काहीतरी लिहीत बसला. मी म्हटलं लिहू दे, जितकं सविस्तर तितकं बरं.

घरी आणला, तर सेट कायमचा बंद. आता रेघसुद्धा नाही.

एक वाईट बातमी. चांगुणाबाई गेल्या. खोकला छातीत उतरला. त्यांची सून चतुरा सांगत होती, आदल्या दिवशीही विचारत होत्या, टीव्ही उठला का म्हणून. आता लवकर कर. एप्रिलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेत लागणार असं वर्तमानपत्रात आलं आहे. बातम्यांत दाखवतील. तेवढं तरी वाड्याने आपल्या जागेत बसून पाहायला हवं. दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून ते पाहायचं असेल, तर मग आम्ही न पाहिलेलंच बरं.

सिताराम


पिंपरी
१ मार्च १९९०

ती. मामांना जयभीम.

चांगुणाआजीचं वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही.

नागनाथचा कागद आला. साहेबांनी मला बोलावून मोठ्याने वाचायला लावला. दोष आढळला, इथपर्यंत ठीक. पुढे: "संचाच्या मागील, वरील व दोन्ही बाजूंस निळ्या ऑइलपेंटने नावे लिहिलेली आहेत."

मामा! "कोणी बोट लावलेलं नाही" असं लिहिलंत ना? पंख्याच्या पात्यांवर नावं घालतात, पाण्याच्या टाकीवर घालतात, सतरंजीच्या काठावर घालतात, सगळं मान्य. टीव्हीवर? साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "तुमच्याकडे ही पद्धत आहे का?" मग म्हणाले, "सर्वांत वर कोण लिहिलंय तेही वाचा." मी वाचलं. "प्रेरणास्थान : सिताराम सटवाजी खंदारे गुरुजी." बाकीच्यांच्या दुप्पट अक्षरात. आमच्या विभागातल्या बाकीच्या पाचही जणी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

निर्णय असा: रंगवलेला सेट कंपनी परत घेणार नाही. पण साहेब अगदीच वाईट नाहीत. नावं पुसून, पेटी मूळची होती तशी करून परभणीला दिलीत, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जी गाडी तिकडे जाते तिच्यात नवा सेट पाठवतील. नाहीतर प्रकरण बंद. हे त्यांच्याकडून वदवून घ्यायला मला दोन दिवस लागले.

थोडं रॉकेल आणि एक फडकं. एवढंच करायचं आहे. करा.

पंचफुला


खैरवाडी
१० मार्च १९९०

चि. पंचफुला,

नावं पेंटरने घातली. मी फक्त सांगितलं होतं. माझं अक्षर मोठं आलं तो त्या पेंटरचा उत्साह. मी कळवलं नाही, कारण रंग म्हणजे बिघाड असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण पुसणार नाही.

बारा वर्षं आपण विद्यापीठाच्या एका नावासाठी मोर्चे काढतोय, लाठ्या खातोय. अठ्ठ्याहत्तर साली या वाड्याची छपरं पेटली ती एका नावापायी. तू तेव्हा शाळेत होतीस, आजीच्या पाठीमागे नदीच्या काठाने पळाली होतीस. ते नाव अजून मिळालेलं नाही. आणि पुण्याचा साहेब म्हणतो, आहेत तीही नावं पुसा, मग टीव्ही देतो! या माणसांची नावं आजवर कशावर होती ते त्याला विचार. सातबाऱ्यावर होती? देवळाच्या पायरीवर होती? सावकाराच्या वहीत होती आणि पोलिसांच्या कागदात होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर त्यांनी आपलं नाव पाहिलं. ज्यांना वाचता येत नाही त्या बायका पेंटरच्या मागे उभ्या राहून विचारत होत्या, "माजं कंचं?" आणि दाखवलं की त्यावर बोट ठेवून बघत होत्या. चांगुणाबाईंचं नाव जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. ते मी रॉकेलने पुसू? तत्त्वाचा प्रश्न आहे.

ग्राहकांसाठी नवा कायदा झाला आहे. मी तो मुळातून वाचला. आपण लढू. वेळ लागला तर लागो.

सिताराम


पिंपरी
१८ मार्च १९९०

ती. मामा,

तुमचं पत्र वाचताना अंगावर काटा आला, नेहमीसारखा. मग उतरला, आणि मी चिडले.

लढू म्हणता. किती वर्षं? आजी तोपर्यंत राहणार आहे? वर्तमानपत्रात बारा एप्रिल तारीख आली आहे. तुमच्या शपथेमुळे वाडा दिनकररावांकडे जात नाही, आणि तुमच्या तत्त्वामुळे विहारात टीव्ही येत नाही. मग त्या दिवशी माणसांनी बघायचं कुठे? तुमच्या तोंडाकडे?

एकच विचारते. ओट्याखाली उभं राहायचं नाही, हे ठरवताना तुम्ही हात वर करायला सांगितले होते. नावं पुसायची नाहीत, हे ठरवताना कोणाला विचारलंत?

हे पत्र आजीला वाचून दाखवा. पूर्ण. तुम्ही मधलं गाळाल अशी भीती आहे, म्हणून चतुरावहिनीलाही वेगळं कार्ड टाकते आहे.

पंचफुला


खैरवाडी
३० मार्च १९९०

पंचे, तुझ्या आजीचा, सुलाबाईचा, जयभीम. मी बोलायलेय आन् चतुरा लिवायलीय. तिला सांगितलंय, मी म्हनते तसंच लिव, सुधरू नको.

तुझं कार्ड चतुरानं वाचलं. तुझ्या मामानं आमाला काय बी सांगितलं नव्हतं. कंपनी टीव्ही देत न्हाई, लय नालायक हाय, आपुन लडू, एवढंच म्हनायचा. नावं पुसली तर टीव्ही भेटतो, हे आमाला तुझ्या कार्डावरून कळलं. मी चार बाया बलावल्या. म्या म्हनलं, बायांनो, असं असं हाय. कुनी म्हनलं पुसा, कुनी म्हनलं नगं बाई, माजं नाव लय चांगलं आलंय. घडीभर कलकल झाली. मग चतुरा म्हनली, "माज्या सासूनं कोंबड्या इकल्या त्या टीव्ही बगायला, नाव बगायला न्हाई. तिचं नाव मीच पुसते." मग नगं म्हननाऱ्या बी हो म्हनल्या.

तुझा मामा जयंतीच्या मीटिंगीला जिंतूरला गेल्ता. आमी रॉकेल घेतलं, राख घेतली, जुनं लुगडं फाडलं. बारकी नावं पटापट निगाली. वरचं तेवढं लय मोठं हुतं, त्येलाच निम्मं रॉकेल गेलं. पर निगालं. पेटी अशी झाली की दुकानातून आताच आनली.

सांजंला मामा आला. बगितलं. मला म्हनला, "माय, काय केलंस हे?" म्या म्हनलं, "नावं आमची. द्यायच्या वक्ताला आमी दिली, पुसायच्या वक्ताला आमी पुसली. तुला काहून इचारायचं?" तो लय बोलला. बाबासाहेबाचं बोलला, इद्यापीठाचं बोलला. म्या आयकून घेतलं. मग म्हनलं, "सिताराम, म्या बी जेलात गेल्ते नावासाठी. तुझ्यासंगं न्हाई, तुझ्या आदल्या गाडीत. मला नावाचं नगं सांगू."

तवापून बोलायला न्हाई माज्यासंगं. भाकर खातो, ताट सरकवतो, जातो. खाऊ दे. तू गाडी पाठीव.

आजी, सुलाबाई
(लिहिणार : चतुराबाई)


पिंपरी
६ एप्रिल १९९०

ती. मामा,

गाडी काल निघाली. सेटवर खैरवाडीची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली. परभणीला पोहोचला असेल. तुम्ही गप्प आहात हे आजीने कळवलं. तुम्ही रागावून लिहिता तेव्हा मला भीती वाटत नाही, लिहीत नाही तेव्हा वाटते. सेट आणायला कोण जाणार आहे? एवढं तरी एका ओळीत कळवा.

पंचफुला


खैरवाडी
१५ एप्रिल १९९०

चि. पंचफुलास मामाचा जयभीम.

सेट आणायला मीच गेलो. जुना मांडीवर घेऊन बसलो होतो. कोरी पेटी. एसटीत त्यावरून हात फिरवला तर बोटांना रॉकेलचा वास येत होता. नागनाथने मला पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "गुर्जी, नवा तयार हाय, घ्या आन् निगा." मी काही बोललो नाही. त्याला बहुतेक तेच जास्त लागलं, कारण बसपर्यंत सेट त्याने स्वतः उचलून दिला.

दहा दिवस मी मायशी बोललो नव्हतो. मला राग नावांचा आला होता असं मी स्वतःला सांगत होतो. पण तुझा प्रश्न डोक्यातून जात नव्हता, कोणाला विचारलंत? उत्तर मला येत होतं. लिहिता येत नव्हतं. म्हणून पत्र नाही.

बारा तारखेला विहार दारापर्यंत भरला. मी चार शब्द तयार करून ठेवले होते. माय म्हणाली, "आधी बातम्या हुंदे." मी मागे भिंतीला टेकून बसलो. आणि बातम्यांत ते दाखवलं. केवढं मोठं चित्र, केवढं मोठं सभागृह. क्षणभरच दाखवलं, पण दाखवलं. रेघ आली नाही. कोणी टाळी वाजवली नाही, घोषणा दिली नाही. चतुरा रडत होती. तिने सासूचं पोतं आणलं होतं आणि ते शेजारी रिकामं अंथरलं होतं.

तेवढ्यात दाराबाहेर कोणीतरी उभं दिसलं. दिनकररावांच्या शेतावर राबणारा, आपल्या वाड्याबाहेरचा मुंजाजी, सोबत बायको आणि लेकरं. आपण अंगणात जायचं सोडल्यापासून तिथे खाली उभं राहणारा तो एकटाच उरला होता. टीव्ही बघायचा तर आधी गोठा झाडून घे, असं त्याला सांगतात म्हणे. आता तो आपल्या विहाराच्या पायरीखाली उभा होता. चपला हातात. सवयीने.

पंचफुला, तुला ठाऊक नसेल. अठ्ठ्याहत्तर साली छपरं पेटली तेव्हा हा मुंजाजी विहिरीवर होता. मी आग विझवायला पोहरा मागितला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दिला नाही. बारा वर्षं त्याच्याशी बोलायचं एक वाक्य मी घासूनपुसून ठेवलं आहे. ते जिभेवर आलं होतं. उठलोसुद्धा होतो.

मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "मुंजाजी, भाईर काहून हुबा रे? हितं कुनाचा वटा न्हाई. ये, आत ये. लेकरायला म्होरं बसीव."

तो आला. लेकरं पुढे गेली. त्याला बसायला जागा नव्हती आणि तो पुन्हा उभाच राहायला लागला, मान खाली घालून.

मी खाली बसलो आणि त्याच्यापुरतं बाजूला सरकलो.

मामा